विहीणबाईंचा देवनळ

किशोरराव व्याही यांस शेषरावाचा नांदगाव खंडेश्वराहून रामराम. तुमचा गुडघा आता अकोटच्या एसटीची पायरी चढू देतो ना? इकडे सर्व खुशाल, एक मी सोडून. या पत्राचं कारण तुमच्याच न्हाणीमागे उगवलं होतं. (फोन केला असता, पण मी फोन उचलला की आमची ही, म्हणजे पंचफुला, भाजी निवडायला नेमकी शेजारी येऊन बसते.)

लग्नानंतरच्या पहिल्या भेटीत विहीणबाईंनी ओल्या पोत्यात गुंडाळून देवनळाचं एक मूळ दिलं होतं. शोभेचं झाड, वर चवरीसारखा तुरा. पाहुण्यांकडचं झाड वाळलं तर नाक कापलं जाईल, म्हणून हिनं ते गावाच्या पाणथळात लावलं. पाणथळ म्हणजे गिट्टी भरून कर्दळ लावलेला मोठा खड्डा. गावाचं सांडपाणी एका टोकानं आत जातं आणि निवळून दुसऱ्या टोकानं हिच्या वांग्या-सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) वाफ्यांना मिळतं. मिळायचं, असं लिहायला हवं. तुमच्या देवनळानं कर्दळ गिळली, गिट्टीत मुळं कोंबली आणि सांडपाणी आता गल्लीत फिरायला निघालंय. शेजारच्या सहदेवची बकरी सकाळी आत शिरली, ती संध्याकाळी पलीकडून निघाली, तीही रागावलेली. आता नगरपंचायत म्हणते, महिनाअखेर देवनळ काढा, नाहीतर वाफ्यांचं पाणी कायमचं बंद. त्या वाफ्यांवर हिचा जीव आहे.

मी उपटायला निघालो तर हीच आडवी. "विहीणबाईनं मायेनं देल्लं हाये. उपटसान तं मी माहेरी जाईन!" (माहेर याच गल्लीत आहे. चार भाऊ, हाकेच्या अंतरावर.) एकदा पहाटे चोरून कापला, तर शर्टाला चिकटलेल्या तुऱ्यानं घात केला. तुकडे उकिरड्यावर फेकले, तेही उगवले. ती सुकलेल्या वांग्यांपाशी पदर डोळ्यांना लावते आणि देवनळाला हात लावू देत नाही. मला खरंच वाईट वाटतं, हसू नका.

विहीणबाईंना नमस्कार. त्यांना यातलं काही बोलू नका.

तुमचा,
शेषराव

ता. क. बोलाच. त्यांनी हिला एकदा फोन करून "उपटून टाका" म्हटलं की काम झालं.

आणखी एक. तुमच्याकडचा देवनळ उपटताना सगळं घर महिनाभर खपलं, हे तुमच्या लेकीनं, म्हणजे आमच्या सूनबाईनं, परवा सहज सांगितलं. हे पत्र घेऊन आकांक्षाच माहेरपणाला येत आहे. तिच्या पिशवीत ओलं पोतं आहे. सुनेला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून हिनं पाच मुळं मायेनं दिली आहेत (कल्पना माझी). टाकू नका, हिच्या मनाला लागेल. विहीणबाईंचा फोन ज्या दिवशी इकडे येईल, त्याच दिवशी हिचाही तिकडे येईल. तोवर पाणी घालत राहा.