अक्काच्या वाट्याची सुरी

चामराजपेट,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. रघूस अनेक आशीर्वाद.

फोनवर आपण दोघं बहीण-भाऊ एकदमच बोलतो आणि मग कोणालाच काही ऐकू येत नाही, म्हणून लिहायला बसले. येलहंका काही परदेशात नाही, याच शहरात आहे, पण तिथवर बस बदलत यायची ताकद माझ्या गुडघ्यांत उरलेली नाही.

आश्लेषाच्या लेकीचं बारसं छान झालं. तुम्ही दोघं न येण्याला दिलेलं पद्मावतीच्या सर्दीचं कारण मी अजून मान्य केलेलं नाही; नवरा-बायको दोघांना एकदम सर्दी होत नसते. स्वयंपाक भीमाचार्यांचा होता. ते तुझ्याकडून आपल्या सगळ्या स्वयंपाकघरासाठी सुऱ्या करून घेणार आहेत म्हणे. भाऊबीजेला तू मला दिलेली सुरी कशी चालते, असं त्यांनी मला चारचौघांत विचारलं. मला खोटं बोलता येत नाही, तुला माहीत आहे. दिसायला देखणी आहे, पण महिन्याभरात टोमॅटोवरून घसरायला लागली, असं सांगितलं. शिवाय काळी पडली. चिंच लावून घासघासून पांढरी केली, सायकलवाल्याकडून धार लावून घेतली, तरी आठवड्यात पुन्हा बोथट. सगळे हसले, मीही हसले.

घरी आल्यावर मात्र चैन पडेना. एवढी महाग का रे विकतोस? इथे मार्केटात भाजीच्या भावात सुरी मिळते. बँक सोडून तू भट्टीपुढे बसलास याचं मला कौतुकच आहे, पण लोकांनी आपल्याला नावं ठेवू नयेत एवढंच वाटतं. राग मानू नकोस.

तुझी,
महानंदाअक्का


येलहंका,
२२ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राआधीच भीमाचार्यांचा निरोप आला, की सुऱ्यांचं एवढ्यात नको. हे काम आलं नाही तर युगादीच्या पाडव्याला भट्टीची शेड सोडायची, असं पद्मावतीचं आणि माझं ठरलेलं आहे. तेव्हा राग आला नाही असं लिहिलं तर तुला पटणार नाही.

तो काळेपणा मळ नव्हता, अक्का. या पोलादावर तो येतोच आणि गंजापासून त्याला बराचसा राखतो. तू तो घासून काढलास. वर सायकलवाल्याचं चाक कोरडं. ठिणग्या पाहून तुला वाटलं असेल, काय छान धार लागते आहे! पण तेवढ्या तापण्यानं पात्याचं पाणी उतरतं आणि मग धार टिकत नाही.

किमतीचं विचारलंस. पातं लालबुंद करून तेलात बुडवायचं, त्यालाच आम्ही पाणी देणं म्हणतो. त्या क्षणी एखादं तडकतं, एखादं वाकतं. एखादं वरून सुंदर दिसतं, पण आतून मऊच राहतं. कानस फिरवली की ती घसरण्याऐवजी चावते, तेव्हा कळतं. वाचतात त्यांना मग भट्टीत मंद शेकायचं, पाण्याच्या चाकावर दिवसभर घासायचं, मूठ बसवायची. जी सुरी विकली जाते तिच्यावर न झालेल्यांचं पोलाद, गॅस आणि माझे हात, सगळ्यांचा भार असतो. कानशीच्या परीक्षेत उतरली तरच मुठीजवळच्या पितळी पट्टीवर मी ‘र’ कोरतो. नापास झालेलं एकही पातं माझ्या शेडबाहेर जात नाही.

असो. तुझ्या गुडघ्याला तेल लावत जा. पद्मावतीची सर्दी खरी होती.

तुझा,
रघू


चामराजपेट,
३ मार्च २०२५

चि. रघूस आशीर्वाद. आज तो द्यायलाही लाज वाटते आहे.

तुझं पत्र वाचून दोन घास गोड लागेनात. तू दिलेली वस्तू मी स्वतःच्या हातानं नासवली आणि वर चारचौघांत हसले. स्वच्छतेचा माझा सोस तुला ठाऊक आहे; आई मला भांडी घासायला बसवायची तेव्हा कल्हई जाईल म्हणून ओरडायची.

काल रिक्षा केली आणि भीमाचार्यांच्या स्वयंपाकघरात गेले. लग्नाचा स्वयंपाक चालला होता. त्यांनी स्वल्प थांबायला सांगितलं, पण थांबले तर धीर सुटेल म्हणून तिथेच, भोपळा चिरणाऱ्या बायकांसमोर, सगळं सांगून टाकलं. माझ्या अडाणीपणानं भावाची सुरी बिघडली, त्याच्या कामात खोट नाही, असं म्हटलं. बोलताना रडूही आलं, काय करणार. भीमाचार्य ‘सरी, ठीक आहे’ म्हणाले, काम तुलाच देतील.

एक आणखी. तू लिहिलेला तो ‘र’ त्यांना दाखवायला गेले, तर पट्टीवर काहीच नाही! चष्मा लावून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं. चिंचेनं घासून घासून तोही मीच घालवला असणार. सुरी याच पुडक्यात पाठवते आहे. दुरुस्त होण्यासारखी असेल तर बघ, नाहीतर माझ्या मूर्खपणाची आठवण म्हणून ठेव.

तुझ्या रागाची वाट पाहणारी,
अक्का


येलहंका,
१० मार्च २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

‘र’ चिंचेनं जात नाही. तो त्या पट्टीवर कधी नव्हताच.

त्या पात्याला कानस चावली होती, ते आतून मऊच होतं. नापासांच्या डब्यात टाकलं होतं. दिवाळीच्या ऑर्डरी इतक्या आल्या की चांगल्या सुऱ्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे गेल्या आणि भाऊबीजेच्या सकाळी हातात काहीच नव्हतं. मग डब्यातलं ते काढलं, मूठ बसवली, चकचकीत केलं. वाटलं, अक्का भेंडी चिरणार, तिला काय कळणार, आणि कळलं तरी ती भावाला थोडीच बोलणार आहे! सायकलवाल्यानं वाईटात थोडी भर घातली असेल, पण टोमॅटोवरून ती त्याच्याही आधी घसरत होती. तुझ्या पत्रात तसं स्पष्ट होतं. तरी मी त्याच्यावर आणि तुझ्या चिंचेवर ढकललं, कारण ते सोपं होतं.

सगळ्यात वाईट ते पुढे आहे. भरल्या स्वयंपाकघरात तू माझ्यापायी रडलीस हे वाचलं, आणि मला आधी आनंद झाला, की काम परत आलं. तुझं पत्र पद्मावतीला वाचून दाखवताना ‘र’चा भाग मी गाळला. तिनं नंतर स्वतः वाचलं आणि कालपासून माझ्याशी बोललेली नाही.

आज भीमाचार्यांकडे जाऊन खरं सांगणार आहे. काम जायचं तर जाऊ दे. सोबत एक सुरी पाठवतो आहे. ‘र’ आहे, दोनदा तपासली आहे. तुझ्याकडे माफी मागायला तोंड नाही.

तुझा,
रघू


चामराजपेट,
२७ मार्च २०२५

चि. रघूस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. हात दुखत नव्हता, मनच होत नव्हतं.

भीमाचार्य भेटले. तू येऊन सांगितलंस म्हणाले. सध्या दोनच सुऱ्या घेतील, युगादीचा स्वयंपाक त्यांच्यावर करून बघतील, मग पुढचं बोलतील. पद्मावती परवा इथे येऊन गेली, तीही युगादीनंतर बघू म्हणाली, म्हणजे शेडला तेवढी सवड मिळाली. ती तुझ्याशी बोलायला लागली का? लागली नसेल तर तिचं बरोबर आहे.

नवी सुरी मिळाली. आधी ‘र’ पाहिला, मग सुरी. टोमॅटो नुसता टेकवला तरी कापला जातो. ती मी ठेवून घेतली आहे, पण ओवाळणी म्हणून नाही. तुझी जी किंमत आहे ती पुरी पद्मावतीच्या हातात दिली आहे आणि बहीण म्हणून सूट मागितलेली नाही. गिऱ्हाइकाला तू वाईट देत नाहीस, म्हणून यापुढे मी गिऱ्हाईकच बरी.

जुनी मोडली नसशील तर मात्र परत पाठव. भावानं दिलेली तीच आहे. तिनं लोणी कापीन.

भाऊबीजेला ये, रिकाम्या हातानं आलास तरी चालेल.

तुझी,
अक्का