वालेरीच्या गाडीतून परत आलेलं खोकं

पादोवा, ९ नोव्हेंबर

चि. कोरिना हिस आईचे अ. उ. आ.

आज आपल्या देशाकडे निघालेल्या वालेरीच्या गाडीत दोन खोकी चढवली. मोठ्यात शेवया, कॉफी आणि आजोबांचे लोकरी मोजे आहेत. लहान तुझं! त्यात गेमचा कन्सोल आहे, नवा कोरा. तुझं कॉम्प्युटर जुळवायचं वेड मला ठाऊक आहे, पण दुकानदार म्हणाला, त्याचा खर्च कधी संपत नाही, आज हा भाग जुना होतो, उद्या तो. याची वायर टीव्हीला लावायची, बटण दाबायचं, झालं.

मी ज्यांची देखभाल करते त्या म्हाताऱ्या बाई, सिन्योरा एल्दा, म्हणाल्या, खेळण्यावर एवढे पैसे? मी म्हटलं, चार वर्षं आईशिवाय राहून माझी लेक वर्गात पहिली येते, गल्लीत कुणाकडे नाही ते तिच्याकडे हवंच.

पोचल्याचं कळव. माझ्यावर माया असू दे, अभ्यासावर थोडी जास्त.

तुझी आई,
तमारा


सोरोका, १३ नोव्हेंबर

ती. आईस कोरिनाचा सा. न. वि. वि.

खोकी पोचली. आजोबांनी मोजे लगेच चढवले, आता उकडतंय म्हणून कुरकुरतात, पण काढत नाहीत. कन्सोल मात्र उद्या वालेरीकाकांबरोबर परत पाठवते आहे. फोनवर सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस. रागावायचं तर शेवटपर्यंत वाचून रागाव.

माझा कॉम्प्युटर तयार झाला, आई! बंद पडलेल्या एका कचेरीतले जुने कॉम्प्युटर बाजारात आले होते. आजोबांनी घासाघीस करून दोन मिळवले, दोन्हींचे भाग जोडून मी एक केला. गेमसाठी लागणारं ग्राफिक्स कार्ड गल्लीतल्यांचे लॅपटॉप दुरुस्त करून मिळालेल्या पैशांतून घेतलं. येईल-जाईल त्याला आजोबा झाकण उघडून आतलं दाखवतात. अभ्यासही त्यावरच होतो, आणि सेल लागला की गेम निम्म्या किमतीत मिळतात. भाग जुना झाला तर मी बदलीन, असं तुझ्या दुकानदाराला सांग.

पण तुझ्यापुरतं त्याचं बरोबर आहे. दिवसभर सिन्योरांची उठबस करून तू कॉम्प्युटरशी झटापट करणार का? तुला एकच बटण हवं. म्हणून ते खोकं तुझं. घोड्यांचा एक गेम आहे, माझ्याकडेही चालतो आणि कन्सोलवरही, दोघी एकाच रानात फिरू. तो गेम आणि वर्षाची ऑनलाइन वर्गणी माझ्या कमाईतून भरली आहे, कोड खोक्यात चिकटवलाय. नको म्हणायचं नाही.

आजोबांचे आशीर्वाद. राग सोड, लोभ धर.

तुझी,
कोरिना


पादोवा, २३ नोव्हेंबर

चि. कोरिना हिस आईचे अ. उ. आ.

इथल्या गाडीतळावरून, घर सोडून कामाला आलेल्या आम्हा बायकांची खोकी फक्त जातात. गेल्या रविवारी वालेरीने तुझं खोकं माझ्या हातात परत ठेवलं तेव्हा सगळ्या बघत राहिल्या. गालीनाने विचारलंच, लेकीला पसंत नाही पडलं का गं? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिथेच उभ्याने पत्र वाचलं, आणि सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा. गालीनाचं तोंड बघायला हवं होतंस!

तेव्हापासून आपण रोज रानात भेटतोच. सिन्योरा शेजारी बसून मला रस्ता सांगतात, आणि माझा घोडा ओढ्यात पडला की मलाच बोल लावतात. लगाम असा धरतात का, हे खेळता खेळता तुझ्या मागून ऐकू आलेलं आजोबांचं वाक्यही मी ऐकलं हं. त्यांना म्हणावं, तुमचीच शिकवण.

एक गोष्ट मात्र लिहूनच सांगते, बोलताना मला रडू कोसळेल. प्रत्येक वळणावर तू घोडा थांबवून मागे बघतेस, आई आली का म्हणून. थांबू नकोस, बाळा. दौड. फोनवर मला तुझा चेहरा तेवढा दिसतो. माझी लेक पुढे जाताना मी पहिल्यांदाच बघते आहे. मला बघू दे.

तुझी, फार फार अभिमानाने,
आई