होकार ऐकल्याशिवाय उतरायचं नाही

आप्पा, तुमची नात आज दुपारच्या एसटीनं गेली. तुम्ही गेलात तेव्हा ती शाळेत होती, म्हणून आधी सांगते. ती आता विमानतळावरच्या मनोऱ्यात बसते आणि कुणी उतरायचं, कुणी थांबायचं, हे रेडिओवरून वैमानिकांना सांगते. इथं शेवगावच्या बाजारात बाया मला विचारतात, "लेक इमान चालवती व्हय गं?" मी म्हणते, "न्हाई, चालवणाऱ्याला सांगती." "आन् त्यो ऐकतो?" "ऐकतो, आणि काय ऐकलं ते परत म्हणून दाखवतो." त्यावर एकजण म्हणाली, "मग तसलाच नवरा बघ तिला!" तुम्ही असता तर हसता हसता खोकला आला असता तुम्हाला.

भंडारदऱ्याच्या धरणावरची तुमची वायरलेसची खोली मला अजून दिसते. पाणी किती सोडायचं याचा निरोप आला की तुम्ही तो जसाच्या तसा परत म्हणायचात आणि पलीकडून होकार आल्याशिवाय खुर्चीवरून उठायचा नाहीत. घरीही तीच सवय. आई चुलीपुढून सांगतेय, "मीठ आणा, आन् येताना काडेपेटी." तुम्ही दारातच उभे. "मीठ आणि काडेपेटी. बरोबर?" "अवो, मिठाचं काय कीर्तन लावलंय! जावा की." पण ती 'व्हय' म्हणेपर्यंत तुम्ही हलत नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली, तेव्हा दुकानातून पुडीला आलेला कागद तुम्ही मला वाचायला लावायचात आणि म्हणायचात, "आता उपडा ठेव अन् सांग." अडखळले की रागवायचात, "वाचलं न्हाईस तू, नुसते डोळे फिरवलेस." आज माझ्या फळीवर जी पुस्तकं आहेत, ती त्या रागावण्यातूनच आली.

माझे मालक गेले तेव्हा जो तो मला सांगत होता. जमीन बटाईनं दे, माहेरी जा, पोरगी मोठी झाली की लगेच उजवून टाक. तुम्ही मधे बोलला नाहीत. माणसं पांगल्यावर स्वयंपाकघरात येऊन भिंतीला टेकलात आणि विचारलंत, "तुला काय म्हणायचंय?" मी म्हणाले, शेत मी करणार, पोरीला शिकवणार. तुम्ही सावकाश म्हणालात, "शेत तू करणार. पोरीला शिकवणार. बरोबर?" मी व्हय म्हणाले. तुम्ही उठून बैलांना पाणी दाखवायला गेलात. माझं बोलणं माझ्याच कानावर परत आलं आणि ते मला खरं वाटायला लागलं. तुम्ही मला पुष्कळ दिलंत आप्पा, पण त्याच्याएवढं काही नाही.

परवा पोरगी अचानक रजा टाकून आली. म्हणाली, "आई, नोकरी सोडते. बोलायचं बटण दाबायला बोटच जात नाही." झालं होतं असं, की एका लहान विमानातलं बोलायचं बटण दाबलेलं अडकून बसलं. आतल्या वैमानिकाला पत्ता नाही. तो शेजारच्याशी घराला कुठला रंग द्यावा ते बोलतोय, आणि सगळ्या विमानांच्या कानात तेवढंच. एक बटण दाबलेलं राहिलं की बाकी कुणाचंच बोलणं धड पोचत नाही. त्याच वेळी धावपट्टीवर एक विमान उभं आणि दुसरं उतरायला आलेलं. हिनं उतरणाऱ्याला वर जा म्हणून ओरडून सांगितलं, पण हिचा आवाज त्या रंगाच्या गप्पांत बुडाला.

समजूत काढणं मला जमत नाही. ओल्या तुरीच्या शेंगा सोलत होतो दोघी. मी तुमच्यासारखं तिचंच तिला परत म्हणून दाखवलं.

"तू त्याला वर जा म्हणालीस. त्याला ऐकू गेलं नाही. मग तू गप्प बसलीस. बरोबर?"

"गप्प कुठं बसले? बोलतच होते. मनोऱ्यातल्या जोडीदाराला लाल दिवा दाखवायला लावला."

"बरं. आणि तो खाली उतरला."

"नाही गं! तो दिवा दाखवायच्या आधीच परत वर गेला."

"का?"

"माझा होकार ऐकला नव्हता ना त्यानं. होकार ऐकल्याशिवाय उतरायचं नसतं."

एवढं बोलून ती थांबली. हातातली शेंग तशीच. मी म्हणाले, "म्हणजे त्याला तुझ्या शब्दाची गरज होती." तिनं ती शेंग सोलली, आणि त्या दिवशी पोटभर जेवली.

आज सकाळी पिशवी भरताना तिनं विचारलं, "जाऊ ना मी?" मी म्हणाले, जा, माझं इथं बरं चाललंय. तिनं माझ्याकडे नीट बघत म्हटलं, "मी जाते. तुझं बरं चाललंय. बरोबर?" तुमचीच नात. मी व्हय म्हणाले.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? म्हणून लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं तुम्हाला, मधेमधे तुमच्यासारखं "बरोबर?" म्हणत. सगळं बरोबर निघालं. तिनं जावं असं मला वाटत होतं, तेही बरोबर. फक्त माझं बरं चाललंय म्हणून दिलेल्या त्या शेवटच्या 'व्हय'पाशी आले आणि तुम्ही दारात थांबायचात तशी थांबले. अजून पुढं सरकले नाही.