चेअरमन स्थिर, गंज फिरती

दिंद्रुड, रविवार, १२ मे २०१९

आदरणीय भारतमामांस सप्रेम जयभीम.

घडले ते आधी देते.

१. शनिवारी सकाळी मी चारा छावणीतल्या कडब्याच्या गंजीचे ३६ फोटो काढले.
२. छत्तीसही फोटोंत चेअरमन आबासाहेब आहेत.
३. संगणकाच्या मते कडबा ९१ दिवस पुरेल.
४. माझ्या मते ११.
५. संचालक मंडळाने ९१ चा ठराव टाळ्या वाजवून मंजूर केला.

मागच्या पत्रात तुमची प्रकृती ठीक होती. ती तशीच आहे असे गृहीत धरते. मामींच्या गुडघ्याबद्दल गृहीत धरण्यासारखी माहिती नाही, म्हणून विचारते. मी बरी आहे. (फोन केला असता, पण छावणीत रेंज फक्त आबासाहेबांच्या खुर्चीपाशी येते.)

फोटोंवरून माप काढायचे तर कॅमेरा कुठे उभा करायचा हेच निम्मे काम असते. मी गंजीभोवती चुन्याने चोवीस खुणा केल्या, दर पंधरा अंशांवर एक, आणि वरून दिसावे म्हणून ट्रॉलीवर चढून आणखी बारा जागा ठरवल्या. शेजारच्या दोन फोटोंत रुपयातले बारा आणे भाग सामाईक हवा, गंजीचा प्रत्येक कोपरा निदान तीन फोटोंत यायला हवा, आणि मधे काहीही हलता कामा नये. माप ठरवण्यासाठी दोन बाजूंना दोन-दोन मीटरच्या पट्ट्या ठेवल्या. (एका पट्टीला हळदकुंकू लागले. लांबीत फरक पडला नाही.) छावणी चालवणाऱ्या सहकारी संस्थेची मात्र जुनी रीत आहे : चेअरमन दिसत नसतील तर कामाचा फोटो अहवालाला जोडत नाहीत. मी त्यांना बाजूला व्हायची विनंती केली, तेव्हा आबासाहेब शांतपणे म्हणाले, "ताई, चेअरमन नसलेला फोटू कुन्या बी गावचा असू शकतो." मग मी खूण बदलली की तेही जागा बदलत, फोटोच्या बरोबर मध्यावर येत आणि हात जोडत. इतक्या काटेकोरपणे जागा धरणारा मदतनीस मला प्रयोगशाळेतही मिळाला नव्हता.

परिणाम असा झाला की छत्तीस फोटोंत न बदललेली वस्तू एकच सापडली. त्यावरून संगणकाने ठरवले की आबासाहेब जागेवर स्थिर आहेत आणि गंज त्यांच्याभोवती फिरते आहे. मोजमाप अर्थातच फसले आणि गंज आठपट मोठी निघाली. हे मी बैठकीत आकृती काढून समजावले. आबासाहेब स्थिर आहेत, हे पहिले वाक्य संचालकांना पटले. मोजमाप फसले, हे दुसरे कोणी ऐकले नाही. छबुबाई (दोन बैल, एक म्हैस, वीस दिवसांपासून छावणीत) दारातून म्हणाल्या, "आबासाहेब, तुमी हाय तितंच हाय, हे आमाला मशीनबिगर ठावं हाय. पन बैल कडबा खातो, आकडा न्हाई खात." त्यांचे म्हणणे इतिवृत्तात घेतलेले नाही.

छावणीत ४१२ जनावरे आहेत. पुढच्या चाऱ्याची मागणी शुक्रवारी बीडला जाते, आणि मागणीनंतर चारा यायला चार दिवस लागतात. ९१ चा आकडा राहिला तर मागणीच जाणार नाही. ११ हा माझ्या नजरेचा अंदाज, तो कोणी मानत नाही. मंडळाला मशीनचाच आकडा हवा आहे. बाकी सर्व क्षेम.

तुमची भाची,
तक्षशिला

ता. क. : गुरुवारी सकाळी सात ते नऊ तुमच्या नेकनूरला आबासाहेबांचा सत्कार ठेवता येईल का? ऊन चढण्याआधी मला चेअरमन नसलेली गंज हवी आहे. ट्रॉली ढकलायला छबुबाई तयार आहेत. आबासाहेब इथून पाचलाच निघतील. भाषण तुम्ही करावे. तुम्ही मुख्याध्यापक असताना तुमच्या भाषणातून कोणी मधेच उठून गेल्याचे मला आठवत नाही; बहुतेक दारे बंद असत.

ता. क. २ : सत्काराचे कारण ते विचारणार नाहीत. पत्रिकेत जागा मोकळी ठेवावी.

ता. क. ३ : शाली सात लागतील. ते नसले की उरलेले सहाही संचालक फोटोत उभे राहतात, हे मी आज एका फोटोवर तपासून पाहिले.

हो की नाही, ते मंगळवार, १४ मेच्या संध्याकाळपर्यंत हे पत्र आणणाऱ्याच्याच हाती कळवावे.