कालवा की पाप

अण्णा, एका शब्दावर अडलोय. शनिवारी इथे अमेरिकेत, नोव्हायच्या मराठी मंडळात मी माझं भाषांतर वाचणार आहे. प्राचीन इराकातल्या मातीच्या पाट्यांवरचं अक्कडी काव्य: माणसांच्या आवाजाने मोठ्या देवाची झोप उडते, तो चिडतो आणि पूर आणून सगळ्यांना बुडवतो. मी गाड्यांचे ब्रेक डिझाइन करणारा माणूस. ही भाषा मला कुणी शिकवली नाही, मी शिकलो. एकेक प्रत्यय तपासल्याशिवाय पुढे सरकत नाही. आणि तरीही मुळात जिथे ‘रिगमु’ आहे, तिथे मी ‘पाप’ लिहिलं होतं.

काल किचनमध्ये लेकीला वाचून दाखवत होतो. ती म्हणाली, “बट बाबा, इथे सिन कुठेय? त्याला जस्ट झोप येत नाहीये.” मी म्हटलं, झोपमोडीसाठी कुणी जग बुडवत नाही. फोनमधून मान वर न करता ती म्हणाली, “पण त्याने बुडवलं ना.”

आमच्या लहानपणीची एक दुपार. रात्रपाळी करून आलेले तुम्ही आतल्या खोलीत झोपलेले असता. आम्ही दोघे भाऊ गॅदरिंगसाठी ढोलकीवर हात बसवतोय. दार उघडतं. “काय कालवा लावलाय?” एवढंच म्हणता आणि शाळेतून मागून आणलेली ढोलकी पायाने फोडता. मग परत जाऊन झोपता. आई तुकडे गोळा करत म्हणते, “तुम्हीच काहीतरी केलं असणार, उगाच नाही चिडत ते.” ते ‘काहीतरी’ मी अजून शोधतोय. देवाच्या बाबतीतही तेच शोधलं, आणि सापडेना म्हणून स्वतःच घातलं.

रिगमु म्हणजे आवाज, गलका. ढगांचा गडगडाटही रिगमुच. पाप नव्हे. सकाळपासून लिहितोय, खोडतोय. तुमचा ‘कालवा’ लिहिला तर बायको हसली. “पाटबंधारे खात्यातले रिटायर्ड काका पुढेच बसतात. विचारतील, कालव्याने झोप कशी उडाली, फुटला होता का?” तिचंही खरं आहे, त्या काव्यात पाण्याचे कालवेही आहेत, आधी देवच ते खणतात. पण दुसरा शब्द बसत नाही.

‘कालवा’च ठेवलाय. आम्ही काही केलं नव्हतं, अण्णा. तुम्हाला झोप हवी होती, बस. हे कळलं की राग जाईल असं वाटलं होतं. तो गेला नाही. तुम्ही गेलात, आता हे पाठवायला पत्ता नाही, याचं मला थोडं बरंही वाटतं.