बाबांच्या जागी

धाकट्या,

दुपारी बाबांच्या कारखान्याचा सुपरवायझर फळं घेऊन आला होता. बाबांचा हात थरथरून त्याच्या पँटवर चहा सांडला, तर नाक मुरडून म्हणतो, "वय झालंय हो त्यांचं. वेल्डिंगचा काय संबंध?" पन्नाशीत कसलं डोंबलाचं वय! डॉक्टर स्पष्ट म्हणालेत, धुरातल्या मँगनीजने मेंदू पोखरलाय. वर निर्लज्जपणे म्हणाला, "त्यांच्या जागी धाकट्याला पाठवा." शिसारी आली मला.

ती फळं त्याच्या टेबलावर आपटायला चालले आहे. बाबांपाशी शेजारच्या काकू आहेत. भात मऊ करून भरव, त्यांना ठसका लागतो. आणि तू तिथे जाणार नाहीस, हे आधी सांग त्यांना. तो गेल्यापासून "नको, नको" एवढंच पुटपुटतायत.

ताई