मिकोलाची दुशा

वेस्ट विंडसर, मंगळवार, संध्याकाळ

आज मिकोलाला डॉक्टरकडे नेलं. वीस वर्षं माझ्या वर्कशॉपचा फोरमन, मूळचा युक्रेनचा. बायको गेल्यापासून धड जेवत नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हाउ इज युअर माइंड?" हा म्हणतो, "फर्स्ट क्लास!" वर शंभरातून सात-सात वजा करून दाखवले. बाईंनी फॉर्मवर 'नॉर्मल'पुढे खूण केली.

पण त्याचे शब्द इतकी वर्षं ऐकतोय मी. हिशेब करतो तो रोझुम, दुखते ती दुशा. आमच्या पोलिश वेल्डरचंही जवळपास हेच. माइंड म्हटल्यावर हा रोझुमचंच सांगणार ना! शेवटी मीच मध्ये तोंड घातलं, "डॉक्टर, त्याची दुशा कशी आहे ते विचारा." त्यांनी विचारलं, आणि एवढा सहा फुटी गडी ढसाढसा रडला. खूण खोडली.

गाडीत म्हणाला, "बॉस, तुमच्या भाषेत?"

"दोन्हीला मनच. हिशेबही मनात, दुखणंही मनात."

"मग सोपंय. डॉक्टरने विचारलं की काय सांगता?"

"ऑल गुड."

माझी बायको सुधा जाऊन तीन वर्षं झाली. दर वेळी हेच सांगून घरी येतो.